साडेचार तास

नारिन, ९ जून

बुरुलचावहिनी,

हे पाकीट सातार ड्रायव्हरच्या गाडीतून येतंय. दर आठ-नऊ दिवसांनी तो घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा कुमिस न्यायला तुमच्या कुरणावर येतो, तेव्हा आता तोच आपला टपालवाला. त्याला मी बजावून सांगितलंय, पाकीट पान्या-हातोड्यांच्या पेटीत फेकायचं नाही, खिशात ठेवायचं. वर तुम्हाला फोनची रेंज नाही, त्यामुळे मला शाळेतल्यासारखी कागद-पेन घेऊन बसायची वेळ आली. माझं अक्षर बघून हसू नकोस. बारा वर्षं इस्पितळात नर्सगिरी केली की कुणाचंही असंच होतं.

पाकिटात बीपीचं मशीन आहे, बाबांच्या दोन महिन्यांच्या गोळ्या आहेत आणि एक मेमरी कार्ड आहे. कार्डावर मी केलेले सात व्हिडिओ आहेत, एकेक मिनिटाचे. मीठ, बीपी, साखर, गुडघे, पोरांचे जुलाब, असलं सगळं. इथे बाजारात बायका मला ‘मीठचोर नर्स’ म्हणतात. म्हणू देत. त्या नावाने का होईना, बघतात तरी.

तुला खरं सांगू का, हे खूळ माझ्या डोक्यात कुठून आलं? आई गेली तेव्हा तूच तिच्याजवळ होतीस. डोकं दुखतंय म्हणत कणीक मळत होती आणि तिथेच आडवी झाली. मी दिवसाला चाळीस माणसांच्या दंडाला पट्टा बांधते गं. माझ्या आईच्या दंडाला एकदासुद्धा बांधला नव्हता. चार वर्षं झाली, ते अजून घशाखाली उतरत नाही.

आता बाबा. मे महिन्यात त्यांचं बीपी एकशे नव्वद होतं. डॉक्टर म्हणाले, यंदा वर जाऊ नका. तिसऱ्या दिवशी हा माणूस काठी घेऊन उभा! “माझ्याशिवाय घोड्या दूध देणार नाहीत.” कुबातदादा बापापुढे तोंड उघडत नाही, आणि माझं कोण ऐकतंय? तेव्हा सगळी भिस्त तुझ्यावर. रोज सकाळी एक गोळी, डोकं दुखो वा न दुखो. रोज आकडा लिहून ठेव आणि मला पाठव. तिथे माझे डोळे म्हणजे तूच.

तुझी,
नुरजमाल


कुरणावरून, १८ जून

वन्सं,

पाकीट मिळालं. मशीनची काच शाबूत आहे.

तुमच्या व्हिडिओंनी इथे धमाल उडवून दिली आहे. सौर पत्र्यावर फोन भरून ठेवते आणि धारा आटोपल्या की पाचही तंबूंतल्या बायका आमच्याकडे जमतात. एकदा मिठाचा व्हिडिओ लागला. चहात मीठ नको, सुकवलेल्या खारट दह्याचा कुरुत कमी खा, हे ऐकून शेजारच्या तंबूतली कालिचा आजी म्हणाली, “मग खायचं काय, गवत?” चालायला सांगणारा व्हिडिओ लागला तर फोनलाच ओरडली, “मी पहाटेपासून मेंढ्यांमागे धावते, हे हिला कुणीतरी सांगा रे!” तुम्ही उत्तर दिलं नाही म्हणून थोडी रुसली आहे.

मामंजी रोज बघतात. बघत नाही असं दाखवत बघतात. काल म्हणाले, “माझी पोरगी डब्यात बसून मला दटावते, आणि मी काही बोललो तर ऐकून घेत नाही. लहानपणापासून अशीच आहे.” पण तुम्ही दिसलात की काठी आपटायची थांबते, एवढं माझ्या कानांना कळतं.

चहात आता निम्मं मीठ घालते. पहिल्या दिवशी त्यांनी वाटी तशीच परत केली, दुसऱ्या दिवशी अर्धी प्यायले, आता मुकाट्याने पितात. हे म्हणतात, आजाऱ्याचं पाणी झालंय चहाचं. त्यांना मी म्हटलं, तुमच्या बहिणीला सांगा.

गोळी मी वाटीशेजारी ठेवते आणि ती उचलली जाते. मशीन ते स्वतःच बांधतात. मी सून, त्यांचा हात कसा धरणार? ते मानाच्या जागेवर बसून आकडा मोठ्याने सांगतात, मी चहाच्या समोवारपाशी खाली बघत पिठाच्या पिशवीच्या कागदावर टिपून घेते. तो कागद सोबत आहे. नऊही दिवस एकशे तीसवर ऐंशी. तुमच्या गोळ्यांना चांगला गुण आहे, वन्सं.

आमच्या धाकट्या बेकतूरला दोन दाढा आल्या. एक शिंगरू लांडग्याने नेलं. बाकी ठीक.

बुरुलचा


नारिन, २७ जून

वहिनी,

अगं, नऊ दिवस एकशे तीसवर ऐंशी? माझ्या स्वतःच्या हातावर लागोपाठ दोनदा एकच आकडा येत नाही! हा म्हातारा तुला बनवतोय. व्हिडिओत मी ‘एकशे तीसवर ऐंशी असलं तर बरं’ म्हणते ना, ते पाठ करून ठेवलंय त्याने. मशीन बांधतो तरी का देव जाणे. दादाला सांग, शेजारी बसून स्वतः आकडा वाच. आणि गोळी ‘उचलली जाते’ म्हणजे काय? पोटात जाते की टोपीत?

आता हसणं बाजूला ठेव आणि पुढचं नीट वाच. कार्डावर नवा व्हिडिओ आहे, लकव्याचा. सगळ्यांना दाखव, रोज दाखव, पाठ होईपर्यंत दाखव. माणसाला हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातंय का बघा. दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली पडतो का बघा. नाव विचारा, जीभ अडखळते का बघा. तिन्हीतलं एक जरी दिसलं तर गाडी काढा. पाणी पाजत बसू नका, मुल्लाला बोलवायला जाऊ नका, बोटाला सुई टोचू नका.

मेंदूत अडकलेली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आमच्याकडे आहे. पण ते पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. त्यानंतर दिलं तर माणूस वाचायच्या ऐवजी आतल्या आत रक्त वाहून जातो. तुमच्या कुरणावरून इथे यायला तीन तास लागतात, चढावर चिखल असला तर साडेतीन. शिवाय इथे डोक्याचा फोटो काढायचा, रक्त बघायचं. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम अर्धा-पाऊण तास उरतो, वहिनी. वर जीप फक्त एसेनभाऊकडे आहे ना? त्याला सांग, टाकीत तीन तासांचं पेट्रोल कायम हवं.

मला भीती वाटते गं. आईच्या वेळी मला काहीच ठाऊक नव्हतं असं मी स्वतःला सांगू शकते. यावेळी तसं सांगता येणार नाही.

नुरजमाल


कुरणावरून, ६ जुलै

वन्सं,

तुमचा संशय खरा निघाला. ह्यांनी शेजारी बसून आकडा वाचला, एकशे ब्याऐंशीवर एकशे पाच. तंबूत असं काही वादळ झालं म्हणता! मामंजी ओरडले, “आकडा माझा आहे, मी हवा तो सांगेन!” गोळ्याही सापडल्या, टोपीत नव्हत्या, खोगिराखालच्या घडीत होत्या. अकरा. ह्यांनी त्या मोजून त्यांच्यापुढे ठेवल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा बापाला म्हणाले, “आईच्या वेळी मी गप्प बसलो होतो.” दुसऱ्या दिवसापासून मामंजी गोळी सगळ्यांसमोर तोंडात टाकतात आणि जीभ बाहेर काढून दाखवतात म्हणे. काल एकशे पंचावन्न होतं.

माझ्यावर मात्र राग आहे. मीच तुम्हाला कळवलं हे त्यांना कळलंय. मला हाक मारत नाहीत, काही हवं असलं तर बेकतूरला सांगतात.

लकव्याचा व्हिडिओ आता पोरासोरांनाही पाठ झालाय. परवा सगळ्या कुरणाने एकमेकांची परीक्षा घेतली. बायका हात वर करून हसताहेत, म्हातारे दात दाखवताहेत, कालिचा आजीला दातच नाहीत तर ती म्हणे, “माझं तोंड वाकडं आहे की सरळ, कसं कळणार तुम्हाला?” मी ह्यांची घेतली, पोरांची घेतली. एसेनभाऊंनी पेट्रोलचा डबा भरून वेगळा ठेवलाय, त्याला कुलूप लावलंय, किल्ली त्यांच्या बायकोच्या गळ्यात.

वन्सं, एक विचारायचं होतं. पण राहू दे. तुम्हाला कशाकशाचा म्हणून त्रास द्यायचा.

बुरुलचा


नारिन, १५ जुलै

वहिनी,

तुझं पत्र वाचून मी वॉर्डात नाचले. अकरा गोळ्या खोगिराखाली! घोड्याचं बीपी मस्त झालं असेल. दादाने तोंड उघडलं हे वाचून रडूही आलं. बाबांचा राग मनावर घेऊ नकोस, तो दुधासारखा आहे, उतू जातो आणि बसतो.

लकव्याचा व्हिडिओ बावन्न हजार जणांनी बघितला, माहीत आहे? पार ओशपासून लोक लिहितायत. आमचे मोठे डॉक्टर, जे आजवर मला ‘सिनेमावाली’ म्हणायचे, त्यांनी परवा चहा पाजला.

आणि तू ‘एक विचारायचं होतं, राहू दे’ असं का लिहितेस? मी ओळखलं हो. बायकांचंच काहीतरी असणार, नाहीतर तू अशी अडखळली नसतीस. अंगावरून जास्त जातं का? चक्कर येते का? बेकतूरनंतर तू वाळलीच आहेस. या कार्डावर रक्त कमी असण्याबद्दलचा व्हिडिओ आहे, एकटीने बघ, आणि सोबतच्या लोहाच्या गोळ्या घे, पण चहाबरोबर नको. माझ्यापाशी कसली लाज?

नुरजमाल


नारिन, २ ऑगस्ट

वहिनी,

बाबा जिवंत आहेत. उजवी बाजू गेली आहे. बोलणं गेलं आहे. दादा काल संध्याकाळी पोहोचला, आता त्यांच्या उशाशी बसला आहे. मी हे पत्र जिन्यात बसून लिहितेय.

परवा दुपारी एसेनभाऊंची जीप साडेतीन वाजता इस्पितळाच्या दारात आली. मी ड्यूटीवर होते. कालिचा आजीने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. कधी सुरू झालं असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आजी म्हणाली, बाराला मी तंबूत शिरले आणि बघितलं. बारा ते साडेतीन. म्हणजे वेळ होता! आम्ही धावत फोटो काढला, रक्त बघितलं, डॉक्टरांनी इंजेक्शन भरलं. मग सुई टोचायच्या आधी त्यांनी आजीला पुन्हा विचारलं, बाराच्या आधी त्यांना कुणी धडधाकट बघितलं होतं का? आणि त्या भाबड्या बाईने सांगितलं, “सूनबाई गाडीत बसवताना म्हणत होती, सकाळच्या चहापासूनच वाटी डाव्या हाताने देत होते.”

सकाळचा चहा. आठ वाजता. डॉक्टरांनी भरलेलं इंजेक्शन ट्रेमध्ये परत ठेवलं. तो ट्रे माझ्या हातात होता, वहिनी.

मला फक्त एवढंच सांग. तुझ्यासमोर बसले होते ना ते? दोन हातांवर? चार तास? तू तो व्हिडिओ वीस वेळा बघितलास, साऱ्या कुरणाला हसायला लावलंस, पोरांच्या परीक्षा घेतल्यास. माझ्या बापाचं तोंड वाकडं झालेलं बावन्न हजार लोकांना दिसलं असतं. तुला नाही दिसलं? काय करत होतीस तू?

नुरजमाल


कुरणावरून, १२ ऑगस्ट

वन्सं,

तुमचं पत्र ह्यांनी आणून दिलं. मी ते दहा दिवसांपूर्वीच स्वतःला लिहिलं होतं असं समजा. जसं झालं तसं सांगते. काही लपवत नाही.

त्या दिवशी हे पलीकडच्या खिंडीत मेंढ्यांवर होते. सकाळी मी समोवार मांडला, चहा ओतला, मामंजींपुढे वाटी सरकवली. ते प्यायले. मग रिकामी वाटी माझ्याकडे परत आली ती डाव्या हातातून.

वन्सं, तुम्ही त्यांच्या पोटच्या. तुम्हाला त्यांनी वाटी कुठल्याही हाताने दिली असती तर तुम्ही म्हणाला असता, काय हो बाबा, उजवा हात घोडीने खाल्ला का? मी सून आहे. सासऱ्याने डाव्या हाताने वाटी दिली म्हणजे तू माझ्या मनातून उतरलीस, एवढाच त्याचा अर्थ मला ठाऊक. मला वाटलं, गोळ्यांचा राग. महिनाभर साठलेला राग आज असा निघाला. माझे कान तापले. मी आणखी खाली बघायला लागले.

“मामंजी, आणखी ओतू?” असं मी विचारलं. ते बोलले नाहीत. मला वाटलं, बोलायचंच नाही माझ्याशी. दुसरी वाटी ओतली, तीही डाव्या हातातून आली आणि निम्मा चहा सतरंजीवर सांडला. मला वाटलं, मुद्दाम सांडला. मी पुसून घेतला. पुसताना त्यांचे गुडघे दिसले, जोडे दिसले, कमरेचा पट्टा दिसला. त्याच्या वर मी बघितलं नाही. अकरा वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

मग मी त्यांची मनधरणी करायला कणकेचे बोरसोक तळायला बसले. खरंच सांगते. त्यांना आवडतात तसे, लहान लहान. मधे दोनदा घोड्यांची धार काढून आले. ते तिथेच बसून होते, उशीला टेकून. मी ताटलीत बोरसोक ठेवले आणि पाठ न दाखवता मागे सरकले. अजून रागात आहेत, असंच मला वाटत होतं. बाराला कालिचा आजी आली ती दारातूनच किंचाळली. तिचं काय जातं, ती त्यांच्याहून मोठी, ती सरळ त्यांच्या तोंडाकडे बघते. मग मी वर बघितलं.

तुमच्या व्हिडिओत जसं दाखवलंय अगदी तसंच होतं. लाळ दाढीत वाळली होती.

एसेनभाऊंची जीप पाच मिनिटांत निघाली. किल्ली, पेट्रोल, सगळं ठरल्यासारखं. सगळ्यांनी सगळं बरोबर केलं. मी मागे राहिले, धारा कोण काढणार म्हणून. गाडी दिसेनाशी झाल्यावर मी त्या बोरसोकांकडे बघत किती वेळ बसले ते माहीत नाही.

तुम्हाला विचारायचं होतं आणि मी राहू दे म्हटलं, ते हेच होतं. अंगावरून जाण्याचं नव्हतं ते. मला विचारायचं होतं की सुनेने सासऱ्याला हसा कसं म्हणायचं? तोंड वाकडं आहे का ते न बघता ओळखायची काही दुसरी खूण आहे का? तुम्ही हुशार आहात, तुमच्याकडे असेल असं वाटलं होतं. पण लिहायची लाज वाटली. सगळ्या कुरणाला हसू येईल असं वाटलं.

मी तुमचा बाप घालवला. तुम्ही काही बोला, मी ऐकून घेईन. फक्त ते जेवतात का एवढं सातारकडून कळवा.

बुरुलचा


नारिन, २७ ऑगस्ट

वहिनी,

माझं मागचं पत्र चुलीत घाल. आधी ते घाल, मग हे वाच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. एक मिनिट दोन सेकंदांचा आहे. त्यात एक मुलगी आपल्या बापासमोर बसते, त्याच्या हनुवटीला हात लावते आणि म्हणते, बाबा, हसा बघू. मीच आहे ती. बाबा बनलाय आमचा वॉर्डबॉय. मला हे करताना कणभर अवघड वाटलं नाही, कारण मी लहानपणापासून बाबांची दाढी ओढत आलेय. पण आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांजवळ दिवसभर कोण असतं गं? लेकी लग्न होऊन शहरात जातात. समोवारपाशी सुना असतात. मी लेकींसाठी व्हिडिओ केला आणि तो बघितला सुनांनी.

व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेलं मी सगळं वाचून काढलं. आधी मी फक्त शाबासक्या वाचल्या होत्या. सत्तावीस बायकांनी तुझाच प्रश्न विचारलाय. कुणी हसण्यावारी, कुणी आडून. एकीने लिहिलंय, ‘आमच्या घरात मी हे करू शकत नाही, माझ्या नवऱ्याला दाखवीन.’ मी तिला टाळ्यांचं चित्र पाठवलं होतं! तुझं ‘राहू दे’ पण मी तसंच वाचलं आणि तुला लोहाच्या गोळ्या पाठवल्या. तुला मी माझे डोळे म्हटलं, आणि त्या डोळ्यांना वर बघायची सोय नाही हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी स्वतः कुणाची तरी सून आहे. तालासला माझे सासरे असतात. नऊ वर्षं झाली, मी त्यांना वाकून नमस्कार करते आणि त्यांच्या जोड्यांशी बोलते.

तेव्हा तू बाप घालवलास असं पुन्हा लिहू नकोस. चूक वाटून घ्यायची तर मोठा वाटा माझा.

बाबांचं सांगते. पाय थोडा हलतो. ‘हं’ आणि ‘नाही’ एवढं बोलतात, ते पण उलटसुलट. बीपी ताब्यात आहे. पण जेवत नाहीत, वहिनी. माझ्या हातून दोन चमचे घेतात आणि तोंड भिंतीकडे फिरवतात. दादा समोर बसला तर तेवढंही नाही. वजन उतरतंय. डॉक्टर म्हणतात असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. मी ठरवलंय, इस्पितळातून सोडलं की त्यांना माझ्याकडेच ठेवायचं. तिसरा मजला आहे, खोल्या दोनच आहेत, पण मी डोळ्यांसमोर ठेवीन.

सातारच्या गाडीत बसून ये. त्यांना बघायला ये, आणि माझ्यासाठीही ये. मला हा व्हिडिओ पुन्हा करायचाय आणि यावेळी त्यात तू बोलायला हवीस.

नुरजमाल


कुरणावरून, ११ सप्टेंबर

वन्सं,

नारिनहून सुखरूप पोहोचले. इथे गवत पिवळं पडलंय, दोन तंबू उतरलेसुद्धा. आम्ही शुक्रवारी खाली निघू.

त्या संध्याकाळी तुम्ही फोन माझ्यासमोर धरलात आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. रागावू नका. तुमची ड्यूटी होती तेव्हा दुपारी इस्पितळातल्या खोलीत काय झालं ते तुम्हाला सांगायचं राहिलं, आणि ते सांगितल्याशिवाय मला दुसरं काही बोलता येईना. म्हणून लिहिते.

मी शिरले तेव्हा मामंजी जागे होते. माझी चाहूल लागताच त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं, झालं, अजून राग आहे. सवयीने माझी नजर खाली गेली. मग मलाच माझी चीड आली. याच्या आधी मला असंच वाटलं होतं आणि त्याचं काय झालं ते मी बघितलंय. म्हणून मी पलंग भिंतीपासून ओढला. केवढा आवाज झाला, शेजारच्या खोलीतली बाई बघायला आली. मी भिंत आणि पलंग यांच्या मधे शिरले आणि त्यांच्यासमोर बसले.

त्यांनी डाव्या हाताने तोंड झाकून घेतलं. वन्सं, तो राग नव्हता. त्यांना लाज वाटत होती. वाकडं तोंड सुनेला दिसू नये, पोरांना दिसू नये, एवढंच होतं ते. म्हणून जेवत नव्हते, घास ओघळतो म्हणून. मी म्हटलं, “मामंजी, त्या दिवशी मी वर बघितलं नाही म्हणून तुमची ही गत झाली. आता मी बघणार. तुम्ही मारलंत तरी बघणार.” आणि त्यांचा हात धरून बाजूला केला. पाप लागायचं असेल तर लागो.

ते रडले. मीही रडले. मग मी त्यांचं तोंड पुसलं आणि डाव्या गालात, आतल्या बाजूने, थोडी थोडी पेज घातली. ओघळली की पुसली, पुन्हा घातली. सगळी वाटी संपली. तुम्ही येऊन विचारलंत, कुणी खाल्ली, तेव्हा मी मामंजींनी म्हटलं आणि तुम्हाला खरं वाटलं नाही.

व्हिडिओत माझ्याऐवजी तुम्ही बोला, पण माझ्या नावाने बोला. म्हणा, नारिनच्या डोंगरातली एक सून सांगते. सासऱ्याचा आदर करा, नाव घेऊ नका, पाठ दाखवू नका, सगळं करा. पण रोज सकाळी पहिली वाटी देताना एकदा त्यांच्या तोंडाकडे बघा. एकदाच. ते रागावले असं वाटलं तर दोनदा बघा. म्हातारी माणसं बघत असतील तर त्यांना सांगा, तुमच्या सुनांना तुम्हीच तशी परवानगी द्या, त्या आपणहून मागणार नाहीत.

आता माझं मागणं. मामंजींना तिसऱ्या मजल्यावर ठेवू नका. तुम्ही दिवसभर इस्पितळात, ते बंद खोलीत. आमच्याकडे गावात अंगण आहे, घोड्या दिसतील, तुमचे फोन येतील. ह्यांच्याशी मी बोलले आहे. मशीन मी बांधीन, पट्टा मी आवळीन, आकडा मी वाचीन.

आणि आणखी एक, वन्सं. सगळे म्हणतात बेकतूर आजोबांवर गेलाय. तीन वर्षं मी नुसतीच हो म्हणत आले. ज्या डोळ्यांचा मी दिवसाला दहादा मुका घेते, ते त्यांचे आहेत. तसेच करडे, कडेला हिरवी झाक असलेले. एका घरात, एका समोवारपाशी अकरा वर्षं, आणि मला परवा कळलं.

रविवारी आम्ही एसेनभाऊंची गाडी घेऊन येतो. त्यांचे कपडे बांधून ठेवा. वाटेत हे पुढे बसतील आणि मी मागे, मामंजींच्या समोर.

बुरुलचा